ठाण्याच्या खाडीपलीकडे ज्याचा कायदा चालत नव्हता, तो मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर

आज मुंबईहून लोकल पकडली की ठाणे, डोंबिवली करत माणूस तासाभरात कल्याणला पोहोचतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढ्याच प्रवासात तीन सत्ता लागायच्या. मुंबई बेटावर इंग्रज, ठाण्यात पोर्तुगीज आणि कल्याणमध्ये छत्रपती शिवाजी महाराज.

आता समजा, मुंबईतला एखादा इंग्रज व्यापारी माल घेऊन कल्याणला गेला आणि तिथे त्याचा कुणाशी तंटा झाला. मग न्याय कोण करणार? इंग्लंडचा राजा, ईस्ट इंडिया कंपनी की रायगड?

आजच्या काळात उत्तर सोपं आहे. ज्या देशात तुम्ही आहात, त्या देशाचा कायदा तुम्हाला लागू. वाणिज्य दूतावास फार तर वकील मिळवून देतो. पण तेव्हा रीत वेगळी होती. तुर्कस्तानच्या बंदरांत इंग्रज व्यापाऱ्यांचे आपापसातले खटले इंग्रज कॉन्सुलच चालवायचा. भारतात कॉन्सुल नव्हता, पण तेच काम कंपनीच्या वखारीचा प्रमुख करायचा. १६६१ च्या सनदेने राजा दुसऱ्या चार्ल्सने कंपनीच्या गव्हर्नर आणि कौन्सिलला मोठा अधिकार दिला होता. कंपनीच्या हाताखाली राहणाऱ्या सगळ्यांचे दिवाणी आणि फौजदारी खटले इंग्लंडच्या कायद्याने चालवण्याचा.

हा कागदावरचा अधिकार मुंबईत खऱ्या अर्थाने उभा केला तो जेराल्ड ऑन्जियरने.

सरदार घराण्यातला कारकून

ऑन्जियर आयर्लंडमध्ये जमीनजुमला असलेल्या घराण्यातला. त्याचा भाऊ फ्रान्सिस पुढे लाँगफर्डचा अर्ल झाला. जेराल्डने मात्र कंपनीची नोकरी धरली आणि सुरतेच्या वखारीत तो वर चढत गेला. जुलै १६६९ मध्ये सुरतेचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडेन वारला. त्याच्या जागी ऑन्जियर आला आणि त्याच्याकडे मुंबईचं गव्हर्नरपदही आलं.

मुंबई तेव्हा कंपनीला नुकतीच मिळाली होती. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली होती. बेटावर दलदल, रोगराई आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेले जमिनीचे वाद होते. सुरतेत तरी सुरक्षित होतं का? तर नाही. १६७० मध्ये मराठ्यांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, तेव्हा तिथला प्रेसिडेंट ऑन्जियरच होता. व्यापार मुंबईत आणायला हवा, हे त्याला कळून चुकलं.

पण व्यापारी येणार कशाच्या भरवशावर? बुडालेलं कर्ज वसूल होईल, करार पाळला जाईल, याची खात्री असल्याशिवाय कुणी पेढी हलवत नाही.

हिरव्या गणवेशातले ५० भंडारी

ऑन्जियरने १६७० मध्ये मुंबई आणि माहीम असे दोन भाग करून प्रत्येकी पाच जणांची न्यायपीठं नेमली. त्यांच्याकडे लहानसहान खटले जायचे. १६७२ मध्ये तो मुंबईत राहायलाच आला. त्याने १ ऑगस्टपासून बेटावरचा पोर्तुगीज कायदा बंद करून इंग्रजी कायदा लागू केला आणि ८ ऑगस्टला नवं न्यायालय उघडलं.

त्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढे हिरव्या गणवेशातले ५० भंडारी दोन-दोनच्या रांगेत चालत होते. त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती प्रतिनिधी होते. राजाची सनदही मिरवत नेली गेली. जॉर्ज विलकॉक्स पहिला न्यायाधीश झाला. तो कंपनीचाच माणूस होता, कारण शिकलेला वकील पाठवायला लंडनचे संचालक तयार नव्हते. वकील आले की तंटे वाढतील, अशी त्यांना धास्ती!

त्याच वर्षी जमीनदारांशीही तडजोड झाली. त्यांनी सगळे मिळून वर्षाला २०,००० झेराफिन भरायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरचा हक्क सोडायचा.

ऑन्जियरच्या अधिकाराची दुसरी बाजूही होती. १६७४ मध्ये पगार आणि सोयींवरून इंग्रज शिपायांनी बंड केलं, तेव्हा फेक नावाच्या कॉर्पोरलला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. घरापासून हजारो मैलांवर इंग्रज माणसाचं जगणं-मरणं आता कंपनीचा गव्हर्नर ठरवत होता.

बेटाबाहेर मात्र वेगळाच खेळ

हा सगळा दरारा बेटापुरता. मुंबईहून होडीने कल्याणला जायचं तर वाट ठाण्याच्या खाडीतून. साष्टी बेट आणि ठाणे पोर्तुगीजांकडे असल्याने जकातीची चौकी त्यांची. मुंबईला लागणारं धान्य आणि लाकूड याच बाजूने यायचं. पोर्तुगीजांनी चौकीवर होड्या अडवल्या की ऑन्जियरचं न्यायालय काही करू शकत नव्हतं. हातात फक्त पत्रं आणि वाटाघाटी.

स्वराज्यात काय होऊ शकतं, हे राजापूरने आधीच दाखवून दिलं होतं. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि इंग्रजी निशाण घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. ते १६६३ पर्यंत सुटले नाहीत. सुरतेहून मदत तर आली नाहीच, उलट उत्तर आलं की हे संकट तुम्हीच ओढवून घेतलंत. सनद होती, पण परक्या राज्यात भांडण ओढवून घेणाऱ्याला ती वाचवू शकली नाही.

म्हणून ऑन्जियरने बोलणीचा मार्ग धरला. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक आणि १६७३ मध्ये थॉमस निकल्स हे त्याचे वकील महाराजांकडे जाऊन आले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर पोहोचला. सोबत दुभाषी नारायण शेणवी होते.

रायगडावर काय मिळालं, काय नाही

बरंच काही मिळालं. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन देण्याचं ठरलं. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारी घालायची मुभा मिळाली. मालावर जकात अडीच टक्के ठरली.

पण दोन मागण्यांवर महाराज अडले. पहिली, इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं. त्यावर उत्तर असं की नाणं चांगल्या धातूचं आणि पुऱ्या वजनाचं असेल तर बंदी नाही, पण तोटा सोसून ते घ्या, अशी सक्ती रयतेवर करता येणार नाही.

दुसरी मागणी फुटलेल्या जहाजांची. किनाऱ्याला लागलेली इंग्रज जहाजं आणि माल परत मिळावा, असं ऑक्झेंडेनचं म्हणणं होतं. महाराजांनी कोकणच्या जुन्या रिवाजावर बोट ठेवलं. वादळाने किनाऱ्यावर आलेला माल परत न देण्याची इथली रीत होती. ती इंग्रजांसाठी मोडली तर उद्या फ्रेंच आणि डचही तेच मागतील.

यात मुद्दा फक्त मालाचा नव्हता. व्यापाराला या, पण इथला कायदा तुमच्यासाठी बदलणार नाही, असा त्याचा अर्थ होता. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक राज्यांना पुढे हे जमलं नाही.

उलट्या बाजूने आलेली तीच मागणी

१६७७ मध्ये दीवचा बडा व्यापारी नीमा पारख याने मुंबईत येण्यासाठी स्वतःच्या अटी घातल्या. धर्म पाळण्याची मोकळीक हवीच. शिवाय कोर्टकज्जा झाला तर आधी कळवल्याशिवाय त्याला, त्याच्या वकिलांना किंवा जातभाईंना चारचौघांत अटक करून तुरुंगात न्यायचं नाही. जी हमी इंग्रज परमुलखात मागायचे, तीच आता एक हिंदी व्यापारी इंग्रजांकडे मागत होता. कंपनीने त्याच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या.

तेव्हा ऑन्जियर पुन्हा सुरतेत होता. ३० जून १६७७ रोजी तिथेच तो वारला. डॉक्टर जॉन फ्रायरने मुंबईची वस्ती त्या सुमारास ६०,००० धरली आहे.

नंतर काय झालं?

ऑन्जियरची घडी फार टिकली नाही. १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीचा अंमल झुगारून राजाच्या नावाने मुंबई ताब्यात घेतली. पुढे सिद्दीच्या स्वारीत, १६९० च्या सुमारास न्यायालय बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हायला १७१८ उजाडलं.

खाडीपलीकडचं चित्रही बदललं. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगीजांकडून घेतलं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ते मराठ्यांकडून जिंकलं आणि १७८० मध्ये ते कल्याणला पोहोचले. यावेळी त्यांना वखारीची परवानगी मागावी लागली नाही.

एकोणिसाव्या शतकात तर मुंबईचा कायदा समुद्रापार गेला. झांझिबारमध्ये सुलतानाचं राज्य होतं, पण तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना ब्रिटिश प्रजा मानून त्यांचे खटले ब्रिटिश कॉन्सुल चालवायचा आणि अपिलं यायची मुंबई उच्च न्यायालयात. ऑन्जियरच्या काळात ज्या शहराचा कायदा ठाण्याच्या चौकीपुढे जात नव्हता, तिथे आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे निकाल लागत होते.