तहकूब झालेला देहदंड

इ. स. १६०३ मध्ये लंडन शहरात प्लेगने सुमारे ३०,००० बळी घेतले. नवा राजा पहिला जेम्स याच्या राज्याभिषेकाचा थाट आटोपता घ्यावा लागला. वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांचे शरद ऋतूतील सत्रही पुढे ढकलून विंचेस्टरला भरवावे लागले. एलिझाबेथ राणीचा एके काळचा मर्जीतील दरबारी सर वॉल्टर रॅले राजद्रोहाच्या आरोपावरून तेव्हा टॉवरच्या बंदिवासात होता. त्यालाही तेथे नेण्यात आले. १७ नोव्हेंबरच्या एका दिवसात खटल्याचा निकाल लागला. पुरावा मुख्यतः लॉर्ड कॉबमच्या जबानीचा, आणि तीही त्याने मध्यंतरी फिरविलेली. कॉबमला समोर उभे करावे, ही रॅलेची मागणी. कॉबम त्याच गावी कैदेत होता. साथीच्या भयाने सारे न्यायासन शंभर किलोमीटर हलले. साक्षीदार मात्र चार पावलेही हलविला गेला नाही! देहदंड फर्मावला गेला आणि मग तहकूब राहिला. साथ ओसरली, न्यायालये लंडनला परतली. रॅले टॉवरमध्ये जगाचा इतिहास लिहीत बसला. १६१६ मध्ये गियानातील सोन्याच्या आशेने राजाने त्याला सोडले. सोने मिळाले नाही. त्याच्या माणसांनी स्पॅनिश वसाहतीवर हल्ला मात्र केला. स्पेन संतापले. नवा खटला भरण्याची तसदी कोणी घेतली नाही. २९ ऑक्टोबर १६१८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, तो विंचेस्टरच्या त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या शिक्षेनुसार.