सेनासाहेब सुभा रघूजी भोसले आणि आपले बालाघाट

दरवर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडपात बाहेरगावचे पाहुणे येतात, आरती होते, प्रसाद होतो आणि गप्पा रंगल्या की कोणीतरी हमखास विचारतो, की तुम्ही मराठी माणसे इकडे मध्य प्रदेशात कशी काय? मग प्रत्येक जण आपापल्या घरची हकीकत सांगतो. कोणाचे आजोबा रेल्वेत होते, कोणाचे भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत, कोणाचे शाळेत मास्तर, तर कोणाचे कचेरीत कारकून. या हकीकती खऱ्याच आहेत, पण त्या फार तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातात. मराठी बोलणारी माणसे वैनगंगेच्या या खोऱ्यात त्याच्या कितीतरी आधी आलेली आहेत. ज्यांच्यामुळे ती आली, ते नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, पहिले रघूजीराजे. नागपुरात त्यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्या घरांत मात्र ते क्वचितच निघते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरवले.

आधी आपल्या मुलखाची थोडी ओळख करून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय रघूजींचे काम समजणार नाही. आपला जिल्हा म्हणजे दोन पायऱ्या आहेत. खालची पायरी वैनगंगेच्या खोऱ्याची. इथे काळी, ओल धरणारी जमीन, तलाव आणि धानाची शेती. वरची पायरी सातपुड्याच्या पठाराची. बैहर, परसवाडा, उकवा हा सगळा सालाच्या आणि बांबूच्या जंगलाचा, गोंड-बैगांचा मुलूख. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला वळते, महाराष्ट्रात उतरते आणि पुढे वर्धा नदीला भेटून गोदावरीत जाते. बैहरच्या पठारावरची बंजर नदी मात्र उत्तरेकडे मंडल्याला जाऊन नर्मदेला मिळते. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पडलेला पाऊस काही पूर्वेच्या समुद्राला जातो, काही पश्चिमेच्या. सत्तेचेही तसेच होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नैर्ऋत्येकडचा भाग देवगडच्या गोंड राजांकडे होता आणि बाकीचा गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडे. बालाघाट नावाचे शहर तेव्हा नव्हते. होते ते बूढा नावाचे गाव.

रघूजींचा जन्म सतराव्या शतकाच्या अखेरीस इथून शेकडो कोस दूर, सातारा भागात झाला. घराणे हिंगणीकर भोसल्यांचे. वडिलांचे नाव बिंबाजी. परंपरा अशी सांगते, की वाईजवळच्या पांडववाडीच्या रामाजीपंत कोल्हटकर या रामभक्ताच्या आशीर्वादाने हा मुलगा झाला, म्हणून त्याचे नाव रघूजी ठेवले. पुढे याच कोल्हटकर घराण्यातले भास्करराम त्यांचे सर्वात विश्वासू सरदार झाले. वडील लवकर गेले आणि रघूजींचे बालपण ओढाताणीत गेले.

त्यांच्या घराण्यातले परसोजी भोसले हे मोठे सरदार. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांना सर्वांआधी येऊन मिळालेल्यांत परसोजी होते. महाराजांनी त्यांना सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवनाकडची चौथ वसूल करण्याचा अधिकार दिला. परसोजींच्या मागे तो मान त्यांचे पुत्र कान्होजी यांच्याकडे आला. कान्होजींचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भाम इथे होते. रघूजी आपल्या या चुलत्याकडे आले. कान्होजींना मूल नव्हते, तोवर पुतण्याला घरात वाव होता. पुढे कान्होजींना मुलगा झाला आणि रघूजींना स्वतःची वाट शोधावी लागली.

त्यांनी काही काळ देवगडच्या चांदसुलतान राजाकडे चाकरी केली, काही काळ एलिचपूरच्या नबाबाकडे. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला हा काळ फार महत्त्वाचा आहे. ज्या गोंडवनावर त्यांना पुढे राज्य करायचे होते, तिथले डोंगर, घाट, नद्यांचे उतार आणि माणसे त्यांनी आधी एक साधा चाकर म्हणून पाहिली. नंतर ते साताऱ्याला गेले. शाहू महाराजांची त्यांच्यावर मर्जी बसली आणि महाराजांच्या राणीच्या बहिणीशी त्यांचे लग्न झाले. कान्होजींवर महाराजांचा रोष झाला, तेव्हा त्यांना पकडून आणण्याची कामगिरी रघूजींवरच आली. १७३० च्या सुमारास वणीजवळच्या मंदर इथे कान्होजी पकडले गेले आणि साताऱ्याला कैदेत पडले. सेनासाहेब सुभा हा किताब रघूजींना मिळाला. ज्या चुलत्याने जवळ केले त्यालाच कैद करावे लागले, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना झाकू नये. मोठेपण त्यांना असे मिळाले.

१७३८-३९ च्या सुमारास देवगडचे चांदसुलतान वारले. वलीशहा नावाच्या नातलगाने गादी बळकावली. चांदसुलतानांच्या विधवा राणीने आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघूजींना मदतीला बोलावले. रघूजी आले, वलीशहाचा मोड केला आणि बुऱ्हाणशहा व अकबरशहा या दोन्ही राजपुत्रांना गादीवर बसवले. मोबदल्यात मोठी रक्कम आणि राज्याचा वाटा घेऊन ते वऱ्हाडात परतले. लगेच कर्नाटकाची मोहीम निघाली. १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नबाब दोस्तअली लढाईत पडला आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केले. या मोहिमेने रघूजींचे नाव दक्षिणेत सगळीकडे झाले.

इकडे देवगडचे दोघे भाऊ आपसात भांडू लागले आणि बुऱ्हाणशहाने पुन्हा रघूजींना हाक मारली. या वेळी रघूजी आले ते परत गेले नाहीत. १७४३ मध्ये देवगडचे राज्य त्यांच्या हाती आले आणि त्यांनी नागपूरला आपली राजधानी केली. आपल्या जिल्ह्याचा देवगडकडचा भाग त्याच वर्षी भोसल्यांकडे आला आणि थोड्याच काळात उत्तरेकडचा भागही जिंकला गेला. आपल्या भागाचा नागपूरशी संबंध जुळला तो तेव्हापासून. त्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली.

हे राज्य घेताना रघूजींनी एक गोष्ट केली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी बुऱ्हाणशहाला नाहीसे केले नाही. नागपुरात त्याला राजा म्हणूनच ठेवले, त्याची नेमणूक बांधून दिली, आणि पुढे भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला गोंड राजाच्या हातचा टिळा लावण्याची रीत राहिली. सत्ता भोसल्यांकडे गेली, पण ही जमीन मूळची कोणाची, याची कबुली प्रत्येक राज्यारोहणाला दिली जाई. यात राजकारण होतेच. मोगलांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून जुन्या राजाचे नाव पुढे ठेवणे सोयीचे होते. तरीही त्या टिळ्याचा अर्थ आपण विसरू नये, असे आम्हाला वाटते. आपल्या आधी इथे गोंड होते आणि आजही आहेत.

रघूजींच्या आयुष्याची पुढची दहा वर्षे बंगालच्या स्वाऱ्यांत गेली. छत्तीसगडातून वाट काढत भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालात शिरले. १७४४ मध्ये नबाब अलीवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून दगाफटक्याने मारले. रघूजी स्वतः पुन्हा पुन्हा चालून गेले आणि अखेर १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथ त्यांना मिळाली. हा मोठा विजय होता. पण या स्वाऱ्यांत बंगालची गावे लुटली गेली, जाळली गेली, आणि तिथे बर्गी म्हणजे मराठा स्वार हा शब्द मुलांना भीती घालायला पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. आम्ही शाळेत असताना आम्हाला फक्त तहाचे कलम शिकवले गेले, जळालेल्या गावांचे कोणी सांगितले नाही. थोर पुरुषाचे चरित्र लिहायचे तर दोन्ही लिहिले पाहिजे.

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघूजी नागपुरात वारले. तेव्हा त्यांचे राज्य वऱ्हाडापासून ओरिसाच्या समुद्रापर्यंत पसरले होते. जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी असे चार पुत्र. गादी जानोजींना मिळाली, मुधोजींकडे चांदा आला आणि बिंबाजी छत्तीसगडात रतनपूरला राहिले. भावाभावांची भांडणेही मागोमाग आलीच.

पण आपल्यासाठी रघूजींचे खरे काम लढायांत नाही, ते शेतांत आहे. त्यांच्या कारकिर्दीत कुणबी आणि इतर मराठी शेतकरी मोठ्या संख्येने वैनगंगेच्या मुलखात येऊन वसले. पवार आणि लोधी समाजही या खोऱ्यात रुजले. पवार मंडळी भोसल्यांच्या फौजेतून कटकच्या स्वारीवर गेली आणि त्याबद्दल त्यांना लांजी-बालाघाटकडे जमिनी मिळाल्या, असे सांगितले जाते. त्यांच्या पवारी बोलीत आजही कितीतरी मराठी शब्द घरचेच होऊन बसले आहेत. वरच्या पठारावर १८१० च्या सुमारास लछमन नाईक यांनी परसवाड्याकडे पहिली गावे वसवली. तलाव, बांध, धानाच्या बांध्या हे सगळे या माणसांच्या हातचे. तलवारीने मिळालेला मुलूख आपला झाला तो नांगरामुळे.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८१८ नंतर नागपूरचे राज्य इंग्रजांच्या ताब्याखाली गेले आणि १८५३ मध्ये ते खालसाच झाले. आपला भाग सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांत वाटला गेला. १८६७ मध्ये भंडारा, सिवनी आणि मंडल्याचे तुकडे जोडून नवा जिल्हा झाला. घाटावरच्या रिकाम्या पठारावर वस्ती वाढवावी हा हेतू होता, म्हणून जिल्ह्याचे नाव पडले बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख. मुख्य ठाणे मात्र घाटाखाली, बूढा गावी राहिले आणि पुढे त्या गावालाच बालाघाट म्हणू लागले. घाटाखाली राहून घाटावरचे नाव लावणारे आपले हे शहर! मागून छोटी रेल्वे आली, खाणी आल्या आणि त्यांच्याबरोबर आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे आले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ आणि बावनथडी या नद्या, ज्यांच्या दोन्ही काठांवर एकमेकांच्या सोयरिकी होत्या, त्या राज्यांच्या सीमा झाल्या. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत आहोत. दिवसभर हिंदीत टिपणी लिहितो आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईशी मराठीत बोलतो. त्यात आम्हाला कधी ओझे वाटले नाही. पण आमची मुले आजीला उत्तर हिंदीत देतात, हे आम्ही पाहतो आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चालले आहे, हेही आम्हाला माहीत आहे.

म्हणूनच रघूजींचे चरित्र मुलांना सांगायला हवे. ते अभिमानाने छाती फुगवण्यापुरते नको. साताऱ्याकडून आलेला एक मुलगा या मुलखात आधी चाकर झाला, मग धनी झाला आणि शेवटी इथल्याच मातीत मिसळला. गोंड राजाचा टिळा त्याच्या घराण्याने मानला, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी इथली जमीन कसली. आपणही असेच आलेलो आहोत, कोणी आधी, कोणी नंतर. आपण इथे पाहुणे नाही आणि मालकही एकटे नाही, हे मुलांना कळले तर मराठी बोलायला ती लाजणार नाहीत आणि हिंदी, पवारी, गोंडी बोलणाऱ्या सोबत्यांना परकेही मानणार नाहीत.

यंदा विसर्जनाला वैनगंगेवर जाल तेव्हा मुलांना नदीकाठी दोन मिनिटे थांबवा. हे पाणी भंडाऱ्यावरून पुढे गोदावरीला जाते, हे त्यांना सांगा. आणि पुढच्या वर्षी मंडपात पाहुण्यांनी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या, मराठीत.

गणपती बाप्पा मोरया!