नोकरी गेली आणि सुगरण सापडली

सुट्टीत एखाद्या बेटावर जाऊन निवांत पक्षी बघावेत, असं तुमच्याही मनात येत असेल. अंदमानच्या तिकिटाइतके पैसे नसतील तर टेन्शन घेऊ नका. नाहूरला लोकलमधून उतरता ना, ती जमीन साष्टी बेटाचीच आहे. आणि भारताला पक्षी बघायला शिकवणारा माणूसही याच मुंबईचा. डॉ. सलीम अली. पांढरी दाढी आणि गळ्यात दुर्बीण, हा फोटो तुम्ही पाहिला असेल. पण तुमच्या वयाचे असताना त्यांचं काय चाललं होतं, माहितीये? फार काही बरं चाललं नव्हतं.

जन्म 12 नोव्हेंबर 1896चा. आईवडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामांनी वाढवलं. शाळकरी सलीमने एकदा छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी तर ओळखलीच, शिवाय सोसायटीने जपून ठेवलेले पक्षीही दाखवले. तिथून हे वेड लागलं.

पण वेडाने पोट भरत नाही. झेवियर्समध्ये अ‍ॅडमिशन घेतली, ती मध्येच सोडली. ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले, तोही पुढे चालला नाही. सरकारच्या प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती. विद्यापीठाची डिग्री नाही म्हणून तीही हुकली. अखेर 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगायची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्र शिकले. 1930 मध्ये परत येऊन बघतात तर काय, पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

वय तेहतीस, लग्न झालेलं, हातात काम नाही. ते पत्नी तेहमिना यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. आज आपण गेटवेहून मांडव्याची बोट पकडून वीकेंडला जातो, तेच किहीम. तिथे सुगरणीच्या घरट्यांची वसाहत होती. सलीम अली रोज तासन् तास तिच्याकडे बघत बसले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बरंचसं मारलेल्या पक्ष्यांची मोजमापं घेणं. हे मात्र जिवंत पक्षी काय करतात, ते टिपत होते.

आणि गंमत बघा. आपण म्हणतो सुगरण, पण घरटं विणतो तो नर! तो अर्धं घरटं विणतो, मग मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर तो ते पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकामागून एक जोड्या जमवण्याची ही रीत सलीम अलींनी उलगडली आणि त्यांचं नाव झालं.

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर अशी संस्थानं पालथी घातली. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. नंतर डिलन रिप्ली यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ झाला. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 20 जून 1987 रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

तेव्हा या सुट्टीत नाहूरच्या पूर्वेला ठाणे खाडीकडे एक चक्कर मारा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे फ्लेमिंगो असतात. पावसाळ्यात शहराबाहेर गेलात, तर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी शोधा. एखादं अर्धवट दिसलं, तर समजा की तिथे बहुतेक नकार मिळालाय. मग आजूबाजूलाही बघा. नर दुसरं विणत असेल.