शेतात पारखलेले लोखंड : लक्ष्मणराव किर्लोस्कर

शिबिराला निघण्याआधी आपण आपली सुरी पारखून घेतो. ओली फांदी तासून धार पाहतो आणि वाळका ओंडका फोडून पाते टिकते का ते पाहतो. धार टिकायला पोलाद कठीण लागते. पण ते फार कठीण झाले की ठिसूळ होते आणि दगडावर बसताच टवका उडतो. मऊ ठेवले तर तुटत नाही, पण लवकर बोथट होते. नांगराच्या टोकापुढेही हाच पेच असतो. या पेचाशी झुंजून ज्यांनी आपल्या देशात लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही ओळख.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. रंग सुटले तरी रेषा हातात होती. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे त्यांनी भाऊ रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान चालवले.

दुकानाबरोबर हळूहळू यंत्रे आली. सुरुवातीला त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. पुढे विलायती नांगर पाहून तसाच लोखंडी नांगर इथे का होऊ नये, या विचाराने ते कामाला लागले. 1903 च्या सुमारास नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष लागते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालत आलेला. लोखंडी नांगर खोल जातो आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या उपटून काढतो, हे नुसते सांगून पटणारे नव्हते. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली.

विकले गेले, पण खरी परीक्षा पुढेच होती. नांगराचे टोक विलायती टोकाइतके कठीण नाही, लवकर झिजते, अशी तक्रार आली. कारखान्यात ठीक दिसलेले लोखंड रानात उणे ठरले होते. लक्ष्मणरावांनी दोष शेतकऱ्याच्या माथी मारला नाही. त्यांनी दोष कुठे आहे याचा शोध घेतला आणि टोके सुधारली. ओतीव लोखंड झटकन थंड केले तर कठीण होते, पण ठिसूळही. सावकाश थंड केले तर मऊ राहते. म्हणून झिजणारी बाजू कठीण आणि आतला भाग चिवट ठेवावा लागतो. हा मेळ जमला की नाही, हे शेवटी दगडगोट्यांच्या जमिनीत बैल जुंपल्यावरच कळते. टोके सुधारल्यावर मागणी वाढू लागली.

एवढ्यात नगरपालिकेच्या योजनेमुळे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले आणि कर्जही दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तिथे कामावर ठेवले, राखणदारीसुद्धा सोपवली. त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे कठीण झाले. नांगरांना मागणी होती, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. गडाचे रक्षण करणाऱ्या तोफांचे नांगर झाले. सैनिकी शाळेत शिकणाऱ्या आपल्याला ही गोष्ट विशेष वाटावी.

पुढे या कारखान्यात पंप आणि इतर यंत्रेही होऊ लागली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता.

सुट्टीत मी पद्मनाभपुरातल्या घरी जातो, तेव्हा भिलाईच्या रुळांचा विषय निघतोच. रूळ बाहेर पाठवण्याआधी नमुन्याच्या तुकड्यावर उंचावरून जड वजन टाकून पाहतात. तो तुटला नाही, तरच पुढची गोष्ट. ते ऐकले की मला लक्ष्मणरावांच्या नांगराचे ते झिजलेले टोक आठवते. आपल्या हातची वस्तू उणी ठरली, हे ऐकून घेणे सोपे नसते. त्यांनी ते ऐकून घेतले, म्हणून पुढचा नांगर टिकला. शिबिरात आपल्या सुरीची धार गेली, तर पातीला नावे ठेवण्याआधी आपणही एवढे आठवावे.