कापडवाल्याच्या घरचा चित्रकार

मैत्रिणींनो, आपल्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणणारी घरं आहेत. तिथलं पोर धाग्यांमध्येच रांगायला लागतं. काठ कसा, नक्षी कुठं, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. जपानचा थोर चित्रकार ओगाता कोरिन असाच कापडवाल्यांच्या घरचा!

क्योटो शहरात १६५८ साली तो जन्मला. घरची पेढी 'कारिगानेया' उंची किमोनो पुरवायची. राजघराण्यातली तोफुकुमोन-इन ही त्यांची सर्वात मोठी गिऱ्हाईक. १६७८ मध्ये ती वारली अन् धंदा उतरणीला लागला. १६८७ मध्ये वडील गेले. कोरिनच्या वाट्याला बरीच इस्टेट आली, ती त्याने चैनीत उडवली. मुलाच्या हक्कासाठी एका बाईने त्याच्यावर दावाही लावला होता. थोर माणसाचं सगळंच थोर असतं असं नाही, हे सांगितलेलं बरं. पुढे तर घरातल्या किमती वस्तू गहाण पडल्या. धाकटा भाऊ केन्झान मात्र जपून राहणारा. तो कुंभारकामात नावाजला आणि कोरिनने त्याच्या भांड्यांवर चित्रं काढली.

पोटासाठी ब्रश हाती धरला तेव्हा कोरिन चाळिशीच्या आसपास होता. १७०१ मध्ये त्याला 'होक्क्यो' ही मानाची पदवी मिळाली. त्याच सुमाराचा त्याचा आयरिसच्या फुलांचा पडदा. जपानी घरात खोलीला आडोसा म्हणून घडीचे पडदे उभे करतात, तसे सहा-सहा पाखांचे दोन. वर सोन्याचा वर्ख, त्यावर निळी फुलं आणि हिरवी पानं, बस्स! पाणी नाही, आभाळ नाही. विषय एका जुन्या कथेतला, पण कथेतली माणसंही नाहीत, पूलही नाही. जपानी माणूस जमिनीवर बसतो, आपल्यासारखाच. त्यामुळे फुलं थेट डोळ्यांसमोर येतात. नीट पाहिलं तर काही झुबके तेच ते, पुन्हा आलेले. साचा वापरून काढलेले! कापडावर ठसे उमटवावेत तसे. दुकानातलं बाळकडू असं कामी आलं.

१७०४ मध्ये तो कामासाठी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. तिथे फुयुकी नावाच्या लाकूड व्यापाऱ्याच्या बायकोसाठी त्याने पांढऱ्या वस्त्रावर शरदातली फुलं हाताने रंगवली. ते वस्त्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाईच्या अंगावरचं कापड तीनशे वर्षं जपलं गेलं, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

त्याची एक आख्यायिकाही आहे. श्रीमंत बायकांची कपड्यांची चढाओढ लागली होती. कोरिनने आपल्या आश्रयदात्याच्या बायकोला साधा काळा-पांढरा पोशाख घालायला सांगितला आणि भरजरी कपडे दिले तिच्या दासींना! सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच खिळल्या म्हणे.

१७०९ मध्ये तो क्योटोला परतला, १७१६ मध्ये वारला. पुढे त्याच्या नावावरूनच 'रिन्पा' ही चित्रशैली ओळखली जाऊ लागली. आयरिसचा तो पडदा टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहे. २००४ मध्ये निघालेल्या जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर एका बाजूला लेखिका हिगुची इचियो होती आणि मागे कोरिनची ही फुलं. आयुष्यभर ज्याच्या हातात पैसा टिकला नाही, त्याची फुलं नोटेवर!