गाढवाला कोर्टात नेणारा माणूस

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेत मी बैलगाडा शर्यतींच्या बाजूने बोललो होतो. मी मूळचा जुन्नरकडचा, त्यामुळे विषय घरचाच. माझा हुकमी एक्का ठरलेला होता. श्रीमंतांचे घोडे रेसकोर्सवर चाबूक खात पळतात तेव्हा कुणाचा जीव कळवळत नाही, आणि शेतकऱ्याचा बैल जत्रेत एक बारी पळाला की लगेच कायदा आडवा येतो! टाळ्या कडकडून पडल्या. दुसरं बक्षीसही मिळालं.

पुढे सबमिशनच्या नावाखाली लायब्ररीत टाइमपास करताना रिचर्ड मार्टिन या माणसाची गोष्ट वाचनात आली आणि जरा ओशाळलोच. माझा तो एक्का दोनशे वर्षांपूर्वीच लंडनच्या पार्लमेंटात खेळून झाला होता. आणि त्या डावात हरलं होतं ते जनावर. म्हणून हा माणूस तुम्हालाही सांगावासा वाटतो.

मार्टिनचा जन्म 1754 सालचा, आयर्लंडच्या पश्चिम टोकाकडच्या गॉलवे परगण्यातल्या बड्या जमीनदार घराण्यात. घराणं मूळचं कॅथलिक. पण तेव्हा कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला बंदी होती, म्हणून बापाने पोराला प्रॉटेस्टंट म्हणून वाढवलं. हॅरोची शाळा, मग केंब्रिज. कॉनेमारा भागात सुमारे दोन लाख एकर जमीन, पण त्यात खडक आणि दलदलच फार. म्हणजे सातबारा लांबलचक आणि उत्पन्न बेताचं. कर्ज मात्र जन्मभर पाठीशी.

तरुणपणी त्याची ख्याती होती ती द्वंद्वयुद्धांसाठी. जरा धक्का लागला की बार उडावा असा स्वभाव, म्हणून लोक त्याला हेअर-ट्रिगर डिक म्हणत. त्याचं सर्वांत गाजलेलं द्वंद्व झालं ते एका कुत्र्यापायी. जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेरल्ड नावाच्या भांडखोर जमीनदाराने दुसऱ्या एका उमरावाच्या वाड्यावर जाऊन त्याचा वुल्फहाउंड गोळी घालून मारला. वुल्फहाउंड म्हणजे लांडग्यांच्या शिकारीसाठी पैदास केलेली दांडगी जात. मार्टिनच्या मनात हे सलत राहिलं. 1780 च्या दशकात कॅसलबार गावी दोघे पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. दोघेही वाचले. फिट्झजेरल्ड पुढे 1786 मध्ये एका खुनाच्या खटल्यात फासावर गेला, तो भाग वेगळा.

गंमत बघा, मार्टिन काही साधुसंत नव्हता. त्या वर्गातल्या सगळ्यांसारखा त्यालाही शिकारीचा शौक होता. कुळांपैकी कुणी जनावराला मारझोड केली तर तो त्याला तळ्यातल्या जुन्या गढीत कोंडून ठेवायचा, असं त्या भागात सांगतात. गाढवासाठी माणसाला कोंडणारा जमीनदार! हे वाचून मला त्याचं कौतुक वाटलं नाही, उलट भीतीच वाटली. पण हाच माणूस कॅथलिकांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं भांडला आणि आरोपीला वकील मिळावा म्हणूनही झगडला. तेव्हा त्याला एका खणात टाकून मोकळं होता येत नाही.

त्या काळी इंग्लंडात बुल-बेटिंग नावाचा खेळ चाले. बैलाला खुंटाला बांधायचं आणि त्याच्यावर कुत्री सोडायची. कुत्रं बैलाच्या नाकाला लोंबकळलं की लोक आरोळ्या ठोकत. बुलडॉगचं नाव त्यातूनच आलं. जत्रा, दारू, पैजा, सगळा गाव गोळा. हे बंद करणारं विधेयक 1800 साली विल्यम पुल्टनी याने पार्लमेंटात आणलं. त्याविरुद्ध उभा राहिला विल्यम विंडहॅम, मोठा वक्ता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की उमराव लोक घोड्यांवर बसून, कुत्र्यांचा ताफा सोडून कोल्ह्या-हरणांचा जीव घेतात ती मर्दुमकी, आणि गरिबाने वर्षातून एकदा बैल झुंजवला तर ती क्रूरता, हा कुठला न्याय? विधेयक फक्त दोन मतांनी पडलं. 1802 मध्ये पुन्हा पडलं. 1809 मध्ये लॉर्ड अर्स्किनने जनावरांच्या छळाविरुद्ध आणलेलं विधेयक उमरावांच्या सभागृहात पास झालं आणि खालच्या सभागृहात अडकलं.

वाचताना मला माझ्या टाळ्या आठवल्या. विंडहॅमचा मुद्दा खोटा नव्हता, शंभर टक्के खरा होता. पण तो त्याने कोल्ह्याला वाचवण्यासाठी वापरला नाही. बैलाला वाचवू द्यायचं नाही म्हणून वापरला. मी तरी दुसरं काय केलं होतं? रेसकोर्सवरच्या घोड्याची मला कुठे पडली होती?

मार्टिनने 1821 मध्ये पहिला प्रयत्न केला. चर्चेत कुणीतरी गाढवांनाही संरक्षण द्यावं असं सुचवलं, तेव्हा असा काही हशा पिकला की वार्ताहराला पुढचं ऐकू येईना. विधेयक बारगळलं. मार्टिन तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. आपल्याकडे एका विषयात केटी लागली तर माणूस आठवडाभर जेवत नाही. हा गडी पुढच्या वर्षी पुन्हा तेच विधेयक घेऊन हजर. 22 जुलै 1822 रोजी कायदा झाला. घोडे, खेचरं, गाढवं, गाई, मेंढ्या आणि इतर गुरं यांना क्रूरपणे मारणाऱ्याला दहा शिलिंग ते पाच पौंड दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. देशाच्या पार्लमेंटाने जनावराला छळापासून वाचवण्यासाठी केलेला हा आधुनिक जगातला पहिला कायदा मानतात. मार्टिन्स अ‍ॅक्ट याच नावाने तो ओळखला जातो.

कायदा झाला, पण अंमलबजावणी करणार कोण? लंडनचं पोलीस दल निघालं 1829 मध्ये. मग म्हातारा स्वतःच रस्त्यांवर आणि स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजारात हिंडायचा, कुणी जनावराला झोडपताना दिसला की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. एका खटल्यात न्यायाधीश कंटाळलेले दिसले, तेव्हा त्याने मार खाल्लेलं गाढवच कोर्टात आणून त्याच्या जखमा दाखवल्या म्हणे. या प्रसंगावर गाणी निघाली, व्यंगचित्रं निघाली. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. पकडलेला माणूस फारच गरीब निघाला तर कित्येकदा मार्टिन त्याचा दंड स्वतःच्या खिशातून भरायचा. स्वतः कर्जात बुडालेला असताना! राजा चौथा जॉर्ज याने त्याचं नाव ह्युमॅनिटी डिक पाडलं. हेअर-ट्रिगरपासून ह्युमॅनिटीपर्यंत!

16 जून 1824 रोजी लंडनच्या एका कॉफी हाऊसमध्ये पाद्री आर्थर ब्रूम यांच्या पुढाकाराने प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था निघाली. आज जगभर जी आरएसपीसीए म्हणून ओळखली जाते तीच ही. मार्टिन होता, गुलामगिरीविरुद्ध लढलेला विल्बरफोर्स होता. पैशाची इतकी चणचण की ब्रूमना संस्थेच्या कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. त्यांच्यानंतर काम सांभाळलं लुईस गोम्पर्ट्झ याने. हा चक्क आपल्या जातकुळीचा, संशोधक! लेथवर जॉब पकडायच्या एक्सपान्डिंग चकचं श्रेय त्याला देतात. घोड्यांचे कष्ट वाचावेत म्हणून चाकाला पर्याय शोधण्याची खटपटही त्याने केली. या गोम्पर्ट्झला शिकारसुद्धा क्रूरच वाटत होती, आणि तसं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे एकाच संस्थेत शिकारी मार्टिनही होता आणि शिकारविरोधी गोम्पर्ट्झही.

मार्टिनच्या कायद्यात एक भोक राहिलं होतं. इतर गुरं या शब्दांत वळू येत नाही, असा अर्थ कोर्टाने लावला. म्हणजे ज्याच्या छळावरून वाद सुरू झाला तोच बाहेर! ते बुजवायला आणि कुत्र्यांच्या झुंजी थांबवायला मार्टिनने पुढची चार वर्षं विधेयकांमागून विधेयकं आणली. गृहमंत्री रॉबर्ट पील विरोधात. आणि दरवेळी तोच जुना प्रश्न उभा राहायचा, मग कोल्ह्याच्या शिकारीचं काय? मार्टिनकडे त्याचं धड उत्तर नव्हतं. तो स्वतः त्याच मैदानातला, आणि ज्यांची मतं हवीत तेही त्याच मैदानातले. शिकारीला हात लावला असता तर गाढवापुरताही कायदा झाला नसता, असा माझा अंदाज. पण हात लावला नाही म्हणून त्याचा कायदा गरिबांच्याच पाठीवर पडला, हेही तितकंच खरं.

1826 च्या निवडणुकीत तो निवडून आला खरा. पण मतदारांना धाकदपटशा दाखवल्याच्या तक्रारीवरून पुढच्या वर्षी त्याची जागा गेली. खासदाराला कर्जापायी अटक होत नसे. जागा गेली तशी ती ढालही गेली. सावकार मागे लागले आणि तो फ्रान्समधल्या बुलोन शहरात पळाला. तिथेच 6 जानेवारी 1834 रोजी वारला. बुल-बेटिंग बंद करणारा कायदा आला 1835 मध्ये. त्याला तो बघायला मिळाला नाही.

आणि कोल्हा? 1911 चा प्राणिरक्षणाचा मोठा कायदासुद्धा रानातल्या शिकारीला वगळूनच झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या ताफ्याने कोल्हा मारण्यावर बंदी आली 2004 च्या कायद्याने, 18 फेब्रुवारी 2005 पासून. त्याआधी 2002 मध्ये लाखो माणसं लंडनच्या रस्त्यावर उतरली होती. परंपरा, गावगाडा, रोजगार, शहरी लोकांना काय कळतंय, सगळे मुद्दे तेच. म्हणजे गाढवापासून कोल्ह्यापर्यंत पोचायला कायद्याला 182 वर्षं लागली.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. मुंबईत एसपीसीए 1874 मध्येच निघाली, आणि परळचं जनावरांचं हॉस्पिटल 1883 पासूनचं. आपल्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. मार्टिनचे पाच पौंड ही तेव्हा मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई होती. पन्नास रुपयांत आज कॅन्टीनचं बिलसुद्धा भागत नाही.

सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आजोबांनी त्या वर्षी जोडीतला एक बैल विकला. दावणीची ती रिकामी जागा मला अजून आठवते, आणि आजोबा त्या बाजूला बघायचं टाळायचे तेही. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, कोर्टाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. काठी-चाबूक नाही, विजेचा धक्का नाही, अशा अटींसकट. आमच्या गावात गुलाल उधळला. मीही उधळला.

या चैत्रात जत्रेला गेलो तेव्हा पहिल्यांदाच माझी नजर बैलांच्या पायांकडे न जाता जुंपणाऱ्यांच्या हातांकडे गेली. बहुतेक हात रिकामे होते. एका हातात काहीतरी टोकदार चमकलं. मी बाजूच्या काकांना दाखवलं, तर ते म्हणाले की एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही, आणि रेसकोर्सवर बघ म्हणाले काय चालतं ते.

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या तोंडी माझंच भाषण होतं ना! पण बारी संपल्यावर मी खाली उतरलो आणि त्या गाडीवाल्याच्या हातातली टोचणी मागून घेतली. त्याने शिव्या घातल्या, पण दिली. ती आता हॉस्टेलवर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. रेसकोर्सवरच्या घोड्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण यंदाच्या स्पर्धेत तो एक्का मी टाकणार नाही, एवढं नक्की.