काळ्याला काळं राहू द्या

ट्रेकला गेलात. संध्याकाळ होत आलीय, समोर खोल दरी, वर सोनेरी कडांचे ढग. फोन काढता आणि क्लिक करता. नंतर बघता तर आकाश पांढरंफटक, नाहीतर दरीचा नुसता कोळसा. मग एडिटिंग ॲप उघडता. शॅडोजची पट्टी पार उजवीकडे, हायलाइट्सची पार डावीकडे आणि वरून एचडीआरचा फिल्टर. आता सगळं दिसतं, दरीतलं एकेक झुडूप आणि ढगाची एकेक घडी. तरी फोटो खोटा वाटतो. झाडांभोवती पांढरी कड उमटलेली, मित्रांचे चेहरे राख फासल्यासारखे. त्या संध्याकाळी जे वाटलं होतं, ते कुठंतरी गायबच झालेलं असतं.

असं का होतं, हे समजून घ्यायला एका माणसाची ओळख करून घ्या. त्याच्या हयातीत फोटोशॉप नव्हतं आणि त्याचे सगळ्यात गाजलेले फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत. नाव ॲन्सेल ॲडम्स.

२० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला त्याचा जन्म झाला. चार वर्षांचा असताना १९०६चा मोठा भूकंप झाला. नंतरच्या एका धक्क्यात तो बागेतल्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं, ते जन्मभर वाकडंच राहिलं. शाळेत त्याचं बूड एका जागी टिकेना. शेवटी वडिलांनी शाळा सोडवून त्याला घरीच शिकवायचं ठरवलं. त्याच सुमारास तो स्वतःचा स्वतः पियानो वाजवायला लागला आणि या चंचल पोराला रियाजाची गोडी लागली. पियानोवादक व्हायचं, हे पक्कं होतं.

पण १९१६ मध्ये घरचे योसेमिटीच्या दरीत सहलीला गेले आणि वडिलांनी हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. पुढची कित्येक वर्षं त्याची तारांबळ तुम्हाला ओळखीची वाटेल. एकीकडे पियानो, दुसरीकडे कॅमेरा आणि डोंगर. करिअर कशात करायचं? घरच्यांचा कौल पियानोला होता. निर्णय व्हायला १९३० साल उजाडलं. पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराच्या निगेटिव्ह्ज बघितल्या आणि ॲन्सेलने पियानो मागे ठेवला. रियाजाची शिस्त मात्र डार्करूममध्ये सोबत आली.

त्याआधीच एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १० एप्रिल १९२७. होणारी बायको व्हर्जिनिया आणि काही मित्रांबरोबर तो योसेमिटीत हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर चढून गेला. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या १२ प्लेट्स. कड्यासमोर पोचेपर्यंत त्यातल्या दोनच उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. शटर बंद केल्यावर त्याला जाणवलं, की फोटो बरोबर येईल, पण समोरचा कडा पाहून छातीत जे धस्स झालं ते त्यात येणार नाही. मग शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळं आकाश जवळजवळ काळं उतरतं. कडा त्या काळ्या आकाशातून अंगावर आल्यासारखा दिसला. क्लिक करायच्या आधीच अख्खी प्रिंट डोळ्यांसमोर बघायची सवय त्याला तिथे लागली.

आता थोडं तंत्र, कारण तुमच्या एचडीआरची गोम इथेच आहे. आपला डोळा एका झटक्यात सगळं बघत नाही. ढगाकडे वळला की बाहुली आकसते, दरीकडे वळला की मोठी होते आणि मेंदू दोन्ही जोडून घेतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये हे जमत नाही. म्हणून फोन कमीजास्त प्रकाशाच्या किंवा अनेक झटपट फ्रेम घेऊन त्यांची गोळाबेरीज करतो. ॲन्सेलकडे एकच निगेटिव्ह असायची. मग त्याने आणि फ्रेड आर्चरने १९३९-४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना झोन सिस्टिम बसवली.

कल्पना सोपी आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. शून्य म्हणजे मिट्ट काळोख, दहा म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे मधला करडा. एक पायरी वर गेलात की प्रकाश दुप्पट. फोटो काढण्याआधी ठरवायचं, की या खडकाचा पोत दिसायला हवा, म्हणून तो तिसऱ्या पायरीवर. त्या सावलीला पुरेल एवढा प्रकाश निगेटिव्हला द्यायचा. ढग जळून जायला लागले, तर निगेटिव्ह कमी वेळ डेव्हलप करून त्यांना आवरायचं. सावली उचलायची आणि उजेड आवरायचा, म्हणजे तुमच्या त्या दोन पट्ट्यांचंच काम. फरक एकच, तो सगळ्यांना एकाच पायरीवर आणत नसे. शून्याच्या पायरीवरही काहीतरी राहू द्यायचं. आपण सगळ्यांनाच ओढून पाचव्या पायरीवर आणून बसवतो आणि तिथेच फोटो मरतो.

१ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोत गाडी चालवताना त्याला हर्नांडेझ नावाचं खेडं दिसलं. वर चंद्र आलेला, खाली कब्रस्तानातले पांढरे क्रॉस मावळतीच्या शेवटच्या उजेडात चमकतायत. गाडी थांबवून मुलाला आणि मित्राला हाका मारत त्याने मोठा कॅमेरा उभा केला आणि ऐनवेळी लाइट मीटरच सापडेना! पण चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या फोटोची तयारी करेपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं. हातात राहिली एकच निगेटिव्ह आणि तीही अवघड, कारण खालचा भाग अगदी फिका उतरला होता.

पुढची कित्येक वर्षं तो या निगेटिव्हशी झगडला. १९४८ मध्ये रसायनाने खालचा भाग ठसठशीत केला. डार्करूममध्ये एका भागावरचा प्रकाश अडवून तो उजळ ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त प्रकाश पाडून तो गडद करायचा. ॲपमधले डॉज आणि बर्न आले ते इथूनच. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात पुसट ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये तिथे फक्त काळोख आहे. तो संगीतातला माणूस होता. निगेटिव्ह त्याला बंदिशीसारखी वाटायची आणि प्रिंट मैफलीसारखी. बंदिश तीच, मैफल दरवेळी वेगळी.

मग हे नॅचरल कसं, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे आणि त्याला तो हयातीत ऐकावाही लागला. १९४४चा त्याचा एक फोटो आहे, लोन पाइन गावाजवळची हिवाळी पहाट. मागे उन्हातली बर्फाची शिखरं, मधे काळी टेकडी, पुढे उजेडाच्या पट्ट्यात चरणारा घोडा. त्या टेकडीवर शाळेतल्या मुलांनी पांढऱ्या रंगवलेल्या दगडांची भलीमोठी एल पी ही अक्षरं मांडली होती. ॲन्सेलने ती काढून टाकली. काहींना ते खटकलं. आजही खटकू शकतं आणि त्यावर कँटीनमध्ये जोरदार भांडता येईल. पण एक बघा, त्या टेकडीचा काळोख त्याने उजळला नाही. ती काळी आहे म्हणून शिखरांवरचं ऊन ऊन वाटतं.

२२ एप्रिल १९८४ रोजी तो गेला. पुढच्याच वर्षी योसेमिटीतल्या एका शिखराला त्याचं नाव मिळालं.

आता तो ट्रेकचा फोटो परत उघडा. सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. डोळे मिटा आणि आठवा, त्या संध्याकाळी नजर कुठे खिळली होती? ढगांच्या कडांवर ना? मग दरीतलं झुडूप कशाला दिसायला हवं? शॅडोज थोडेच उचला, पोत जेमतेम दिसेल इतके. आकाश आवरा, पण जमिनीपेक्षा उजळच राहू द्या. मग फोन बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. हर्नांडेझच्या त्या एका निगेटिव्हच्या ॲन्सेलने आयुष्यभरात तेराशेहून जास्त प्रिंट्स काढल्या. तुम्ही तुमच्या संध्याकाळीला किती मिनिटं दिली होती?